फोटोला त्याचं गाव विचारा

आज आम्ही तुम्हाला जरा लांब नेणार आहोत. डहाणूच्या किनाऱ्यावरून होडी सरळ पश्चिमेला सोडली, तर पहिली जमीन लागते ती ओमान देशाची. तिथून अरबी मुलूख सुरू होतो. मोरोक्कोपासून इराकपर्यंत बावीस देश आहेत आणि त्यांची लिहायची भाषा एकच, अरबी. आपल्याकडे उंबरगावचा गुजराती निरोप तलासरीत आला की अर्ध्या जणींना वाचता येत नाही. तिकडे एका देशात लिहिलेला निरोप बाकीच्या सगळ्या देशांत तसाच वाचला जातो. त्यामुळे फोनवरचं बोलणं तिकडे वणव्यासारखं पळतं, चांगलंही आणि वाईटही.

तुम्ही म्हणाल, इकडे आवणीची घाई आणि या अरबस्तानचं काय सांगत बसल्या! सांगतो, कारण तिथला एक फोटो आपल्या महाराष्ट्रात येऊन पोचला होता, आणि तो फिरत असतानाच इथे माणसं मारली गेली.

सीरिया देशात दमास्कस हे मोठं शहर आहे. त्याच्या कडेला घौता नावाचा बागायती पट्टा आहे, आपल्या घोलवड-बोर्डीसारखा. आपल्याकडे चिकू, तर तिकडे जर्दाळू. त्या देशात यादवी युद्ध चालू होतं. २१ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे, लोक झोपेत असताना, घौतावर विषारी वायूची रॉकेटं पडली. शेकडो माणसं मेली, त्यांत लहान मुलं पुष्कळ. अंगावर जखमेची खूण नाही, झोपल्यासारखी दिसणारी मुलं. लोकांनी त्यांना पांढऱ्या कापडात गुंडाळून ओळीनं ठेवलं आणि फोटो काढले. आईबापांना आपलं मूल ओळखता यावं आणि आपल्यावर काय गुदरलं ते जगाला कळावं, म्हणून. पुढे संयुक्त राष्ट्रांचे तपासनीस तिथे गेले आणि सारिन नावाचा वायू वापरला गेला हे त्यांनी जगाला सांगितलं. म्हणजे तो फोटो साक्ष होता. त्या मुलांची शेवटची साक्ष.

पाच वर्षांनी, २०१८ च्या पावसाळ्यात, हीच मुलं धुळे-मालेगावच्या बाजूला फोनवर फिरू लागली. देशाचं नाव गेलं, तारीख गेली, वायूचं नाव गेलं. त्या जागी नवा मजकूर आला: मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, मुलांच्या किडन्या काढून त्यांना फेकून देते, सावध राहा, सगळ्यांना पाठवा.

त्याच दिवसांत आणखी एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणारं मूल उचलतात आणि पळतात. आपल्यापैकी काहींनी ती पाहिलीही असेल. ती पाकिस्तानातल्या कराचीची. मुलांची काळजी घ्या, हे आईबापांना सांगण्यासाठी तिथल्या एका संस्थेनं मुद्दाम बनवलेली. मूळ फितीत शेवटी ते दोघं परत येतात, मूल सोडतात आणि हातात फलक धरून सांगतात की मूल पळवायला एक क्षण पुरतो. कोणीतरी शेवट कापला. चिंधीसारखा फाडून टाकला आणि उरलेला तुकडा आपल्याकडे पाठवून दिला.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. राईनपाडाही आपल्यासारखंच आदिवासी गाव. मंगळवेढ्याकडचे पाच जण एसटीतून उतरले. नाथपंथी डवरी गोसावी, पिढ्यान् पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणारी माणसं. त्यांतला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त झालं. बाजारातले लोक जमले. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेपर्यंत मारलं. ज्या मुलांच्या नावानं लोकांचं डोकं फिरवलं होतं, ती मुलं इथली नव्हतीच.

त्याच दिवशी मालेगावातही जमाव जमला होता. तिथे एका कुटुंबाला घेरलं होतं आणि त्यांच्याबरोबर दोन वर्षांचं मूल होतं. पण तिथल्या एका माणसानं त्यांना आपल्या घरात घेतलं आणि पोलीस येईपर्यंत दार उघडलं नाही. पाचही जीव वाचले. राईनपाड्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, मालेगावच्या दाराची कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही सांगितली.

आता आपल्या घरची गोष्ट. ही बोलायला जड जाते, पण आपण बोललो नाही तर बाहेरचे बोलतात आणि वाटेल ते बोलतात. २०२० चा एप्रिल. टाळेबंदी. कामं बंद, वाटा बंद, वीटभट्टीवरून माणसं चालत घरी येत होती. आणि पाड्यापाड्यावर निरोप फिरत होता: रात्री चोर येतात, मुलं पळवतात, किडन्या काढतात. पुरुष काठ्या घेऊन रात्रभर पहारा देत होते. आपल्याच तालुक्यात, मदत वाटून परतणाऱ्या एका डॉक्टरांच्या गाडीवर हल्ला झाला. दोनच दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, गडचिंचल्याला सुरतकडे निघालेली गाडी अडवली गेली. दोन साधू आणि त्यांचा गाडी चालवणारा, तिघंही मारले गेले, पोलिसांच्या देखत. ते कोणाच्या तरी अंत्यविधीला निघाले होते.

त्या रात्री गावच्या सरपंच बाई जमावाला थांबवायला गेल्या होत्या. ऐकलं नाही कोणी. दुसऱ्या दिवसापासून धरपकड झाली, शंभराहून जास्त जण, त्यांत अल्पवयीन मुलंही. वकील शोधणं, जामिनासाठी खेपा, शेत, पोरं, हे सगळं घरातल्या बाईच्या डोक्यावर आलं. अफवा फिरवायला बाईला कोणी विचारत नाही, तिची किंमत मात्र बाई भरत बसते.

आणि गोष्ट तिथे संपली नाही. गडचिंचल्याचीच अफवा झाली. त्या रात्रीच्या फितीत एक जण “ओय बस, ओय बस” असं ओरडतो. देशभर पसरवलं गेलं की तो एका मुसलमान माणसाचं नाव घेतोय आणि मारणारे मुसलमान आहेत. शेवटी तेव्हाचे राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी पकडलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यांत एकही मुसलमान नाही, असं सांगितलं. बघा, अफवेनं आपल्याकडे तिघांचा जीव घेतला आणि त्याच रक्तातून दुसरी अफवा निघून आणखी कोणाच्या तरी दारात गेली.

हे फोनमुळेच होतं असं मात्र म्हणू नका. आपल्या म्हाताऱ्यांना तलवाडा आठवतो. १९४५ साली आपल्या भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी उठाव केला होता आणि गोदावरी परुळेकर, आपल्या गोदूताई, त्यांच्याबरोबर होत्या. ऑक्टोबरात पाड्यापाड्यावर निरोप फिरला: तलवाड्याला सभा आहे, गोदूताई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या. गोदूताईंनी सभा बोलावलीच नव्हती. निरोप सोडला होता जमीनदारांच्या माणसांनी. हजारो लोक जमले. तिकडे सरकारला सांगितलं गेलं की वारली हल्ला करायला आलेत. १० ऑक्टोबर १९४५ ला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. गोदूताईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या काळाची सगळी हकिकत लिहून ठेवली आहे. निरोप कोणी सोडला आणि त्यात त्याचं काय साधतं, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला असता, तर पाच घरं वाचली असती.

आता परत समुद्रापलीकडे जाऊ. हा प्रश्न विचारायचा कसा, हे अरबी मुलुखातल्या काही तरुण पोरापोरींनी धंद्यासारखं मनावर घेतलं. त्याआधी तिथे काय काय झालं ते ऐका.

ट्युनिशिया नावाचा छोटा देश आहे. तिथे सिदी बुझिद गावात मोहम्मद बुअझिझी नावाचा तरुण हातगाडीवर फळं-भाजी विकायचा. आपल्यातल्या ज्या बाया डहाणू स्टेशनाबाहेर भाजी घेऊन बसतात त्यांना त्याची गोष्ट जास्त समजवायला नको. १७ डिसेंबर २०१० ला पालिकेच्या माणसांनी त्याचा माल आणि तराजू उचलून नेला. तो तक्रार घेऊन कचेरीत गेला, कोणी उभं केलं नाही. त्यानं कचेरीपुढे स्वतःला पेटवून घेतलं. लोकांनी निदर्शनं केली, कोणीतरी फोनवर चित्रण केलं, ते फेसबुकवर गेलं, तिथून टीव्हीवर. ४ जानेवारीला तो वारला आणि १४ जानेवारी २०११ ला तेवीस वर्षं गादीवर बसलेला राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाला. एका तराजूवरून एवढं झालं. मग इजिप्तमध्ये लोक उठले. तिथल्या सरकारनं जानेवारीच्या शेवटी इंटरनेटच बंद करून टाकलं. तेव्हा गूगल आणि ट्विटरच्या लोकांनी सोय केली की साध्या फोनवरून एक नंबर लावा आणि बोला, तुमचा आवाज जगाला ऐकू जाईल. आम्ही रेडिओवाल्या, आम्हाला ही गोष्ट फार आवडते.

पण बुअझिझीच्या त्या खऱ्या गोष्टीतही खोटं मिसळलं होतं. तो पदवीधर होता असं सगळीकडे सांगितलं गेलं. त्याचं शाळेचं शिक्षणही पुरं झालेलं नव्हतं. आणि पालिकेच्या ज्या बाईनं त्याचा माल धरला, फैदा हमदी, तिनं त्याच्या थोबाडीत मारली असं देशभर पसरलं. बाईनं पुरुषाला मारलं, मग काय, आगीत तेलच. तिला पकडलं, काही महिने कोठडीत ठेवलं. आपण मारलं नाही, हे ती पहिल्यापासून सांगत होती. एप्रिल २०११ मध्ये खुद्द बुअझिझीच्या घरच्यांनी तक्रार मागे घेतली आणि ती सुटली. तराजू उचलला जाणं चूकच होतं. पण बाजू खरी असली म्हणून तिच्यासोबत आलेला प्रत्येक निरोप खरा ठरत नाही. आम्हाला ही गोष्ट सगळ्यात अवघड वाटते, कारण आपल्या माणसाचा निरोप तपासायला हात उचलत नाही.

इजिप्तमध्ये पुढची दोन वर्षं गोंधळाची गेली. सकाळी एक फोटो, दुपारी दुसरा, संध्याकाळी कळायचं की पहिला तीन वर्षांपूर्वीचा आणि दुसरा दुसऱ्याच देशातला. तेव्हा, २०१३ साली, काही तरुणांनी फेसबुकवर एक पान काढलं. नाव ठेवलं ‘दा बेगद?’ इजिप्तच्या घरगुती बोलीत याचा अर्थ ‘हे खरंच का?’ लोकांनी शंका असलेला फोटो पाठवायचा, यांनी त्याचं गाव शोधायचं. पुढच्या वर्षी जॉर्डन देशात ‘फतबय्यनू’ निघालं. तो शब्द कुराणातला आहे: ‘तर मग नीट पडताळून पाहा’. २०१६ मध्ये सीरियाच्या पत्रकारांनी ‘तअक्कद’ म्हणजे ‘खात्री कर’ नावाचं काम सुरू केलं. ज्यांच्या देशातल्या मुलांचे फोटो चोरून जगभर वाटेल त्या नावानं फिरवले जातात, त्यांनीच फोटोला त्याचं गाव परत मिळवून द्यायचं काम हाती घेतलं. ही नव्या जमान्यातली उद्योगी पोरं. यंत्र लावून वस्तू काढत नाहीत, खरं-खोटं निवडतात, आपण सुपात तांदूळ निवडतो तसं.

ते निवडतात कसं? यात जादू काही नाही. फोटो पुन्हा इंटरनेटवर टाकून आधी कुठे छापला गेला ते शोधतात. दुकानाच्या पाटीवरची भाषा बघतात, गाडीचा नंबर बघतात, माणसांचे कपडे, झाडं, छपरं बघतात. पावसाळ्याची बातमी आहे आणि फोटोत जमीन उन्हानं तडकलीय, तर दाल में काला. आणि शेवटी त्या गावातल्या कोणाला तरी फोन करून विचारतात. आपल्या बायांना हे चांगलं जमेल. लग्नात कोणाची साडी कोणाकडून आलेली आहे ते आपण लांबून ओळखतो की नाही?

आपल्या देशातही हे काम होतं. मुंबईत ‘बूम’ आहे, अहमदाबादेत २०१७ साली सुरू झालेलं ‘ऑल्ट न्यूज’ आहे. पण खरं सांगायचं तर या सगळ्यांचं काम म्हणजे वरातीमागून घोडं. खोटं रात्रीत दहा गावं फिरतं, तपास तीन दिवसांनी येतो. आणि त्यांचं पोट कशावर चालतं ते बघितलं की आणखी मौज. फेसबुकनं फतबय्यनूलाच खोट्या बातम्या तपासायचं काम दिलं. म्हणजे ज्याच्या वाड्यात आग लागते, तोच बंबाचं भाडं देतो. बंब हवाच, पण वाड्यात आग का लागते हे बंबवाला किती मोठ्यानं विचारेल?

व्हॉट्सॲपनंही राईनपाड्यानंतर, जुलै २०१८ मध्ये, आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच जागी पुढे पाठवता येईल असं केलं. ७ एप्रिल २०२० ला आणखी आवळलं: पुष्कळदा फिरलेला निरोप एका वेळी एकाच जागी. नऊ दिवसांनी गडचिंचले घडलं. कारण आपल्याकडे निरोप फोनवर अर्धी वाट येतो आणि उरलेली वाट तोंडानं चालतो. पाण्यावर, दुकानात, ताडीच्या झाडाखाली. त्याला कंपनी काय आवळणार?

आणि आमचं आजचं सांगणं इथेच आहे. समजा उद्या एक आवाजी निरोप आला. लिहिलेला नाही, बोललेला, आपल्या वारली बोलीत: “अमक्या पाड्यावर दोन माणसं आलीत, पोरं सांभाळा.” हा तपासायला कैरोतलं कोणी बसलेलं नाही. मुंबईतलंही नाही. त्यांना ती बोलीच कळायची नाही. तो पाडा कुठे आहे ते कळायचं नाही. हे कळणारं कोण? तिथे माहेर असलेली एखादी बाई. गटातल्या दहा जणींची माहेरं दहा गावांत असतात. एवढं मोठं जाळं ना पोलिसांकडे आहे, ना कंपनीकडे. इजिप्तच्या पोरांना फोन करायला माणूस शोधावा लागतो, आपल्याला फक्त वहिनीला विचारायचं असतं.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून आल्या, १९५७ च्या सुमाराला. पाड्यावरची पोरं शाळेत येत नव्हती, तर त्यांनी शाळा पोरांकडे नेली. अंगणात नेली, गुरं चरतात त्या कुरणात नेली. निरोपाचा तपासही तसाच अंगणात आणायला लागेल. शहरातून येईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही.

कोणी म्हणेल, या बायांना मुलांची काळजीच नाही, सगळ्याला अफवा म्हणतात. उलट आहे. आपली भीती खोटी नाही. आपण फुग्याच्या कारखान्यात, डायमेकिंगला, वापीच्या कंपनीत जातो आणि पोर आजीकडे ठेवतो. दिवसभर जीव टांगलेला असतो. अफवा नेमकी तिथेच बोट ठेवते, म्हणून ती चालते. म्हणूनच खरोखर मूल दिसेनासं झालं तर काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं. ११२ ला फोन, मुलांसाठी १०९८ ला फोन, पोलीस पाटलांना खबर. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ सालीच सांगितलेलं आहे. “दोन दिवस वाट बघा, येईल” असं कोणी म्हणालं तर हे त्यांना सांगा. मूल शोधायला जमावाची नाही, या नोंदीची गरज असते.

आणि परका माणूस दिसला तर? आपणही कुठेतरी परक्याच असतो. आपले खलाशी गुजरातच्या बंदरात, आपली माणसं वसई-भिवंडीच्या भट्ट्यांवर. तिथल्या गावाला आपली भाषा कळत नाही, आपला चेहरा ओळखीचा नाही. राईनपाड्याला एसटीतून उतरलेले पाच जण आणि वापीला गाडीतून उतरणारी आपली पाच पोरं, यांत तिथल्या माणसाला काय फरक दिसणार? परका दिसला तर बसवा, पाणी द्या, नाव-गाव विचारा, पोलीस पाटलांना बोलवा. कोंडू नका.

आता फोनचं. निरोपावर दोन बाण एकापुढे एक दिसले, तर तो पुष्कळ हातांतून फिरून आलाय असं समजा. पाठवणाऱ्या दादानं तो स्वतः पाहिलेला नाही. फोटो असेल तर ज्या मुलीला फोन चांगला चालवता येतो तिला सांगा, गूगल लेन्समध्ये टाकून बघ, हा आधी कुठे आलाय. निरोपात गावाचं नाव, तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव नसेल तर तो पुढे पाठवू नका. “सगळ्यांना पाठवा” असं लिहिलेलं असेल तर नक्कीच नको. आणि भूकंप! २०१८ च्या नोव्हेंबरापासून धुंदलवाडीच्या बाजूला धक्के बसू लागले, कित्येक जणी थंडीत पोरं घेऊन बाहेर झोपल्या. तेव्हापासून “आज रात्री अडीच वाजता मोठा धक्का” असले निरोप येत असतात. भूकंपाची वेळ जगात कोणालाही आधी सांगता येत नाही. वेळ सांगणारा निरोप आला की तो खोटा, यात तपासायलाही काही नाही. घर पक्कं नसेल तर बाहेर झोपावं हे खरं, पण ते अडीचच्या निरोपासाठी नको.

एक अडचण उरते, आणि ती बैठकीत नेहमी निघते. फोन घरात एकच, तो पुरुषाच्या हातात. निरोप सासऱ्यांनी वाचून दाखवला, दिरानं वाचून दाखवला. त्यांना “हे खोटं आहे” असं तोंडावर कसं म्हणायचं? आम्हाला वाटतं, इजिप्तच्या पोरांनी नाव फार हुशारीनं ठेवलं. त्यांनी पानाचं नाव ‘हे खोटं आहे’ असं ठेवलं नाही, प्रश्न ठेवला. प्रश्नानं कोणाचा अपमान होत नाही. “मामंजी, हे कुठल्या गावचं म्हणे?” एवढंच विचारा. “दादा, हे खरंच का? तिथे माझी मावशी आहे, विचारते.” असं बोलून फोन लावा. मावशी म्हणाली की “अगं, इथे तर काहीच नाही”, तर ते दादाला ऐकू येईल असं मोठ्यानं बोलायला लावा. स्पीकर कशाला असतो मग?

पुढच्या वेळी आम्ही फोनवर दोन मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाबद्दल बोलणार आहोत. तोवर ज्यांना असे आवाजी निरोप आले असतील त्यांनी ते पुसून टाकू नका. कोणाकडून आला, किती वाजता आला, ते बघून ठेवा आणि महिन्याच्या बैठकीला फोन घेऊन या. सगळ्या जणी मिळून ऐकू.